दोन आकड्यांचे वर्ष

डीबेस, क्लिपर किंवा फॉक्सप्रोमध्ये तयार झालेली एखादी जुनी डीबीएफ फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा. तारखेच्या रकान्यात सलग आठ आकडे दिसतात: २००१०६१५. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १९८४ साली डीबेस थ्रीने तारखेसाठी वेगळ्या प्रकारचा रकाना दिला, तेव्हापासून ही मांडणी आहे. पुढे फॉक्सबेस, क्लिपर आणि फॉक्सप्रोने ती जशीच्या तशी उचलली. म्हणजे शतक फाइलमध्ये पहिल्यापासून होते. त्याच्यासाठी जागा राखलेली होती आणि ती जागा कोणी वाचवायला गेले नव्हते. तरीही १९९८-९९ मध्ये याच भाषांत लिहिलेले असंख्य प्रोग्राम मोडण्याच्या बेतात होते, आणि ज्यांना ते दिसत होते त्यांची झोप उडाली होती.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घेतल्याशिवाय जुन्या प्रोग्रामला हात लावू नये. हे पुस्तक त्यासाठी लिहिले आहे.

घोटाळा साठवणीत नव्हता, नोंद आत येते त्या दारात होता. फॉक्सप्रो सुरू होते तेव्हा शतक दाखवण्याची सोय बंद असते. प्रोग्रामरने ‘सेट सेंच्युरी ऑन’ असे मुद्दाम लिहिले तरच पडद्यावर वर्षाचे चारही आकडे येतात. नाहीतर कारकून १५/०६/०१ टंकतो, फॉक्सप्रो स्वतःच पुढे १९ लावते आणि फाइलमध्ये १९०१०६१५ लिहिले जाते. आता दुसरी बाजू पाहा. १५ जून १९९६ ला ठेवलेली पाच वर्षांची मुदत ठेव आहे. तिची मुदत भरण्याची तारीख कारकुनाने हाताने न भरता प्रोग्रामने ‘गोमंथ’ हे फंक्शन वापरून साठ महिने पुढे मोजली, तर फाइलमध्ये २००१०६१५ अशी अगदी बरोबर तारीख जाते. पडद्यावर मात्र दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात: १५/०६/०१. एकाच टेबलात एक ठेव विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षी संपते आणि तिच्या शेजारची एकविसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षी. रजिस्टर छापले तरी फरक कळत नाही. तपासनीस दोन्हींवर बरोबरची खूण करून पुढे जातो.

म्हणून ‘दोन हजार सालचा प्रश्न’ हे नाव अपुरे आहे असे मला वाटते. पतसंस्थांमध्ये हा प्रश्न दोन हजार सालाची वाट पाहत बसला नव्हता. पाच वर्षांची ठेव घेणाऱ्या संस्थेत तो १९९५ मध्येच आला होता. द्राक्षबागेसाठी किंवा उपसा सिंचनासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्यांकडे तो त्याहूनही आधी पोहोचला होता. चुकीच्या नोंदी वर्षानुवर्षे शांतपणे साठत होत्या.

नव्वदच्या दशकात नाशिक जिल्ह्यात संगणक ज्या ज्या कामांत शिरला, ती बहुतेक कामे तारखेवर चालणारी होती. पतसंस्था आणि नागरी बँका, निफाड, दिंडोरी, देवळा या भागातले सहकारी साखर कारखाने, लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजार समित्या, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली हजेरी आणि पगार, रविवार कारंजा आणि मेन रोडवरच्या व्यापाऱ्यांची उधारी. मोठ्या कंपन्यांकडे मोठी यंत्रे आणि त्यांची देखभाल करणारी माणसे होती. या मधल्या आणि लहान संस्थांकडे एक किंवा दोन पीसी, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि गावातला एक प्रोग्रामर असे. गल्लीगल्लीतल्या क्लासमध्ये डीबेस, वर्डस्टार आणि लोटस शिकून बाहेर पडलेली मुले कॉलेज रोड किंवा शरणपूर रोडला एखादी खोली घेत आणि ओळखीच्या पतसंस्थेला प्रोग्राम लिहून देत. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली. फॉक्सप्रो २.५ आणि २.६ आल्यावर हीच मुले डीबेस-क्लिपरवरून फॉक्सप्रोकडे वळली. त्या काळात जिल्ह्यातल्या सहकाराचा हिशेब मोठ्या प्रमाणात या मुलांनी सांभाळला. त्यांच्या कामाला कुठे दाद मिळालेली नाही, ही माझी या विषयातली पहिली खंत आहे.

त्यांनी वर्षाचे दोनच आकडे का ठेवले, याचे एक उत्तर सगळीकडे दिले जाते: पूर्वी मेमरी महाग होती. ऐंशी रकान्यांच्या पंचकार्डावर वाढलेल्या कोबोलच्या प्रोग्रामांना हे उत्तर लागू पडते. डीबीएफला ते लागू नाही, कारण तिथे तारीख आठच जागा घेते, शतक दाखवा किंवा लपवा. खरे कारण पडद्यावर आणि कागदावर होते. शतक चालू केले की तारखेची रुंदी आठ अक्षरांवरून दहा होते. ऐंशी रकान्यांच्या पडद्यावर ओळ आणि रकाना मोजून बसवलेले सगळे खाचे सरकतात. एकशे बत्तीस रकान्यांच्या कागदावर छापायच्या रोजकीर्दीत नाव, तारीख, नावे, जमा आणि शिल्लक इतके काटेकोर बसवलेले असते की दोन अक्षरे वाढली तर शिल्लक पुढच्या ओळीवर जाते. पासबुकाची छपाई तर त्याहून नाजूक. प्रत्येक अहवाल पुन्हा आखायचा आणि त्याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत, असे असताना ‘सेट सेंच्युरी ऑन’ ही एक ओळ लिहायला कोण धजावणार? शिवाय काउंटरवरच्या माणसाला दिवसभरात प्रत्येक पावतीवर दोन आकडे जास्त टंकायचे नसत. समोर रांग असे.

आपल्या भागाला लागू असलेले आणखी एक कारण आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत ते सापडणार नाही. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्डाने डॉसवर मराठी आणली. डीबेस आणि क्लिपरच्या पडद्यावर सभासदाचे नाव देवनागरीत दिसू लागले, याचा आनंद ज्यांनी अनुभवला त्यांनाच माहीत. परंतु इस्की या संकेतप्रणालीत देवनागरी आकड्यांचे संकेत इंग्रजी आकड्यांहून वेगळे आहेत. ‘०१/०४/९८’ असे मराठी आकड्यांत टंकले, तर तारीख ओळखणाऱ्या ‘सीटीओडी’ या फंक्शनला ते आकडे वाटतच नाहीत आणि हातात रिकामी तारीख येते. मग पर्याय दोन. तारखेपुरते इंग्रजी आकडे वापरा, किंवा तारीख सरळ अक्षरांच्या रकान्यात ठेवा. दुसरा पर्याय निवडला की शतकाची राखीव जागा गेली. फाइलमध्ये आठ अक्षरे उरतात, त्यांत दोन तिरप्या रेघा आणि वर्षाचे दोन आकडे. डीबेस टूमध्ये तारखेचा रकानाच नव्हता, त्यामुळे त्या काळापासून चालत आलेल्या प्रोग्रामांतही हेच आढळते. अशी फाइल दुरुस्त करणे सगळ्यात जिकिरीचे, कारण तिथे शतक कधी लिहिलेच गेले नाही. ते बाहेरून आणावे लागते.

क्रम लावण्याचेही असेच. ‘सेट डेट ब्रिटिश’ ठेवून दिवस-महिना-वर्ष दिसावे हे आपल्याकडचे सर्वमान्य वळण. पण अनुक्रमणिका बांधताना काहींनी ‘अँसाय’ मांडणी घेतली, जिच्यात वर्ष आधी येते, आणि ‘डीटीओसी’ने तारखेची अक्षरे करून त्यांवर क्रम लावला. ९७, ९८, ९९ पर्यंत सगळे नीट. त्यानंतर ०० येते आणि ते ९७ च्याही वर जाऊन बसते. खातेउताऱ्यात जानेवारी २००० ची नोंद सगळ्यात पहिली आली की त्याखालची प्रत्येक शिल्लक चुकते. ‘डीटीओएस’ वापरणाऱ्याला यातले काहीच भोगावे लागले नाही. फरक एका अक्षराचा.

आर्थिक वर्षामुळे भर पडली. आपले वर्ष एप्रिल ते मार्च. ते दोन-दोन आकड्यांत लिहायची सवय कागदावरून संगणकावर आली: ९७९८, ९८९९. प्रत्येक वर्षाची वेगळी डिरेक्टरी, आणि वर्ष बदलताना जुन्या नावात एकशे एक मिळवून नवे नाव बनवणारा छोटा प्रोग्राम. ९८९९ मध्ये १०१ मिळवले की १०००० होते. चार अक्षरांच्या जागेत पाच आकडे. हा प्रसंग १ जानेवारी २००० ला न येता १ एप्रिल १९९९ ला यायचा होता. म्हणजे अशी नावे देणाऱ्या हिशेबनीसाची ही कसोटी जगाच्या नऊ महिने आधी लागली.

यापेक्षा खोल जाते ते दिवसांचे गणित, आणि ते शेतीच्या हिशेबात नीट कळते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि सोळा-अठरा महिन्यांनी तो तोडणीला येतो. जुलै १९९८ ची लागण तोडायची ती नोव्हेंबर १९९९ पासून जानेवारी २००० पर्यंत. गळीत हंगाम तर दोन वर्षांवर पाय ठेवूनच उभा असतो. तोडणीचा कार्यक्रम लावताना प्रोग्राम आजच्या तारखेतून लागणीची तारीख वजा करतो आणि ज्या उसाचे वय जास्त त्याला आधी टोळी देतो. आजची तारीख १९०० झाली तर सगळ्या उसाचे वय ऋण होते आणि कोणताच ऊस तोडणीच्या वयाचा ठरत नाही. वजनकाट्याची पावती, तोडणी-वाहतुकीची उचल, पंधरवड्याचे बिल, सगळे त्याच तारखेवर. त्यात १ जानेवारी हा नव्या पंधरवड्याचाही पहिला दिवस. कारखाना एका रात्रीसाठी थांबवता येत नाही, उसाचा रस वाट पाहत नाही.

द्राक्षाचे उदाहरण आकड्यांत मांडतो. बागायतदार ऑक्टोबर छाटणीपासून दिवस मोजतो. फवारणी, विरळणी, काढणी यांचा हिशेब ‘छाटणीनंतर इतके दिवस’ असाच चालतो. १५ ऑक्टोबर १९९९ ची छाटणी आणि १० फेब्रुवारी २००० ची काढणी यांत ११८ दिवस आहेत. तीच काढणी १० फेब्रुवारी १९०० अशी नोंदली गेली की उत्तर येते उणे ३६,४०६. इतका मोठा उणे आकडा कोणाच्याही नजरेत भरेल असे वाटते. ते खरे नाही, कारण पुष्कळ प्रोग्रामांत एक सावध ओळ असते: दिवस शून्याहून कमी आले तर शून्य धरा. ती ओळ लिहिणाऱ्याने चुकून उलट्या भरलेल्या तारखांपासून बचाव म्हणून ती लिहिली. आता तीच चूक झाकते. १ जानेवारी १९९९ ला दहा हजारांची ठेव बारा टक्क्यांनी एका वर्षासाठी ठेवली आणि मुदतीची तारीख १९०० पडली, तर सावध ओळ नसलेला प्रोग्राम ठेवीदाराकडूनच एक लाख अठरा हजारांहून जास्त व्याज मागेल. लगेच आरडाओरडा होईल आणि चूक सापडेल. सावध ओळ असलेला प्रोग्राम व्याज शून्य दाखवील आणि गप्प राहील. या दुसऱ्या प्रकारच्या चुकीला या पुस्तकात सगळ्यात जास्त पाने दिली आहेत. मोठा आवाज करणारी चूक कोणीही शोधतो.

असाच एक गप्प प्रकार ३१/१२/९९ या तारखेचा. ज्या खात्याला शेवट नाही, ज्या सभासदत्वाला मुदत नाही, तिथे रिकामे सोडण्याऐवजी ‘फार लांबची तारीख’ म्हणून ही भरायची रीत होती. १९८८ मध्ये ती खरोखर लांब होती.

आता उपायाकडे येतो, कारण वादाचा मुद्दा तिथे आहे. शुद्ध उपाय एकच: सगळीकडे चार आकडे. सोपा उपाय म्हणजे खिडकी. प्रोग्रामला सांगायचे, ३० ते ९९ दिसले तर १९ लाव आणि ०० ते २९ दिसले तर २० लाव. क्लिपर ५ मध्ये हे ‘सेट एपॉक टू १९३०’ या एका ओळीत होते. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये ‘सेट सेंच्युरी टू १९ रोलओव्हर ३०’. फॉक्सप्रो २.६ मध्ये तशी सोय नव्हती, म्हणून आपल्या मुलांनी स्वतःचे फंक्शन लिहिले: वर्ष १९३० च्या आधीचे असेल तर ‘गोमंथ’ वापरून बाराशे महिने पुढे जा. साधे आणि चोख काम.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. आपल्या पंचांगातली संवत्सरांची साठ नावे पुन्हा पुन्हा येतात. आनंद संवत्सर एवढेच म्हटले तर ते कोणते, हे कळत नाही. शिवराज्याभिषेकाचे आनंद संवत्सर ओळखायचे तर शके १५९६ सोबत असावे लागते, आणि जुन्या लिहिणाऱ्यांनी म्हणून शक आणि संवत्सर दोन्ही लिहिले. जिथे लिहिले नाही तिथे काय होते, ते पेशवाईतल्या पत्रांवरून कळते. कित्येक पत्रांवर चंद्र (म्हणजे तारीख) आणि महिना आहे, वर्ष नाही. ज्याला पत्र गेले त्याला ते चालू वर्ष माहीतच होते. वि. का. राजवाडे आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांना मजकुरातल्या स्वाऱ्या, मृत्यू, नेमणुका पाहून एकेका पत्राचे वर्ष ठरवावे लागले. खिडकी लावणारा प्रोग्रामर हेच काम करतो, फक्त त्याच्याकडे मजकूर वाचायला वेळ नसतो. तो सगळ्या पत्रांना एकच नियम लावतो.

हा एक नियम सहकारी संस्थेत पुरत नाही. माझ्या मते या विषयाचे मर्म इथे आहे. १९९९ मधल्या एखाद्या संस्थेचा विचार करा. तिचा सगळ्यात वृद्ध सभासद १९१५ ला जन्मलेला. तिने दिलेले सगळ्यात लांबचे कर्ज २०१५ ला फिटणार. दोघांच्याही तारखेत वर्ष ‘१५’. दोन आकड्यांत शंभर वर्षे मावतात, त्यापलीकडे एकही नाही. रेघ ३० वर ओढली तर १९२७ ला जन्मलेला शेतकरी २०२७ चा होतो, आणि ज्येष्ठ नागरिकाचा अर्धा टक्का जादा व्याजदर त्याला मिळत नाही. रेघ १० वर आणली तर कर्जाचे हप्ते मागच्या शतकात जातात. जन्मतारखा रेघ खाली ओढतात, मुदतीच्या तारखा वर ओढतात. म्हणून जन्माच्या रकान्याला एक खिडकी आणि मुदतीच्या रकान्याला दुसरी, असे करावे लागते. ज्यांनी हे ओळखले त्यांनी प्रोग्रामच्या प्रत्येक पडद्यावर बसून ठरवले की इथली तारीख मागे पाहणारी आहे का पुढे पाहणारी.

प्रणाली दोन हजार सालासाठी तयार आहे असे सांगणाऱ्या ‘कम्प्लायंट’ या शिक्क्याचे मोल यावरून ठरवावे. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने ‘पीडी २०००-१’ या दस्तऐवजात चार नियम दिले होते: चालू तारखेमुळे काम थांबू नये. तारखांवरचे व्यवहार २००० च्या आधी, दरम्यान आणि नंतर एकसारखे चालावेत. सर्व ठिकाणी शतक एकतर स्पष्ट लिहिलेले असावे किंवा निःसंदिग्ध नियमाने काढता यावे. आणि २००० हे लीप वर्ष मानले जावे. हा शेवटचा नियम गरजेचा होता, कारण शंभराने भाग जाणारे वर्ष लीप नसते इतकेच काहींना ठाऊक होते. चारशेने भाग गेला तर ते असते, हे त्यांच्या प्रोग्रामला कोणी सांगितले नव्हते. पण तिसरा नियम पुन्हा वाचा. खिडकीला त्यात जागा दिली आहे. म्हणजे खिडकी लावलेला प्रोग्राम प्रामाणिकपणे कम्प्लायंट ठरला आणि शिक्का मिळाला. त्या शिक्क्यावर मुदत छापलेली नव्हती, जरी खिडकीला मुदत होती. शिवाय शिक्का मिळे तो फॉक्सप्रो या साधनाला. त्यात नाशिकच्या एखाद्या खोलीत लिहिलेल्या ठेवीच्या प्रोग्रामला तो आपोआप लागू होत नव्हता. पुष्कळ संचालक मंडळांनी तो लागू आहे असे धरून ठराव केले.

वरच्या पातळीवर काय चालले होते ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लिहिलेले पुष्कळ उपलब्ध आहे. केंद्राने नियोजन आयोगाचे सदस्य मोंटेकसिंग अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांनी अमेरिकेतल्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे कोबोल दुरुस्त केले, आणि अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १९९९ आणि २००० या वर्षांसाठी १,१५,००० केली. आपल्या विषयाशी त्याचा संबंध असा, की ज्याने पतसंस्थेचा प्रोग्राम लिहिला तोच प्रोग्रामर ऐन १९९९ मध्ये पुण्याला किंवा न्यू जर्सीला गेलेला असे. संस्थेकडे उरे ती फक्त चालणारी ईएक्सई फाइल. मूळ प्रोग्रामच्या पीआरजी फाइली त्याच्या जुन्या फ्लॉपीवर. फॉक्सप्रोचे बांधलेले प्रोग्राम ‘रिफॉक्स’सारख्या साधनाने पुन्हा उलगडता येतात, त्यामुळे कित्येक संस्थांचा जीव वाचला. क्लिपरवाल्यांची अडचण मोठी होती.

१ जानेवारी २००० ला शनिवार होता. जुन्या पीसींच्या घड्याळात वर्षाचे दोनच आकडे साठत. रात्री बंद केलेले यंत्र सकाळी सुरू केले की काही ठिकाणी १९८० साल दिसे, कारण डॉसचा काळ तिथून सुरू होतो. चालू तारीख हाताने भरली की काम पुढे चाले. सोमवारी काउंटर उघडले, विमाने पडली नाहीत, आणि ‘उगाच बाऊ केला’ असे म्हणायला सगळे मोकळे झाले. या वाक्याचा मला आजही राग येतो. काही झाले नाही ते दुरुस्ती केल्यामुळे झाले नाही. आणि काहीच झाले नाही हेही खरे नव्हे. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या एका रुग्णालयातल्या संगणकाने २००० च्या पहिल्या काही महिन्यांत गर्भवतींचे वय चुकीचे काढले. दीडशेहून अधिक स्त्रियांना बाळाला डाउन सिंड्रोम असण्याचा धोका कमी असल्याचे चुकीने कळवले गेले. वय काढायचे म्हणजे आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा करायची. आपल्या ठेवीचे आणि उसाचे तेच गणित. ती चूकही गप्प होती, आणि ती मशिनच्या आवाजावरून न कळता माणसांच्या आयुष्यात कळली.

मग हे पुस्तक आता कशाला? कारण खिडक्यांची मुदत भरत आली आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलमध्येही दोन आकड्यांचे वर्ष २९ पर्यंत या शतकात आणि ३० पासून मागच्या शतकात जाते. २०२५ मध्ये घेतलेली पाच वर्षांची ठेव २०३० मध्ये संपते. ज्या प्रोग्रामची रेघ ३० वर आहे, तिथे कारकुनाने १५/०६/३० टंकले की १९३० उमटते. म्हणजे १९९५ ची गोष्ट जशीच्या तशी पुन्हा घडते आहे, पुन्हा ठेवींपासून, पुन्हा पाच वर्षे आधी. २० वर रेघ असलेल्यांनी याची चव घेतली आहे. स्प्लंक या नामांकित सॉफ्टवेअरला २०१९ च्या अखेरीस घाईने दुरुस्ती पाठवावी लागली, कारण दोन आकड्यांचे ‘२०’ हे वर्ष त्याला ओळखता येत नव्हते. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, आणि मायक्रोसॉफ्टने तिला दिलेला आधार २०१५ च्या जानेवारीत संपला. त्यामुळे कंपनीकडून दुरुस्ती येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ३२ बिटांच्या युनिक्स घड्याळाची मर्यादा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी संपते. तो वेगळा विषय आहे आणि या पुस्तकात मी त्याला हात घातलेला नाही.

दुसरे कारण अधिक जवळचे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद केली. गावच्या सोसायटीचा हिशेब एका राष्ट्रीय प्रणालीत जाणार, हे उत्तमच आहे. पण जुना डेटा नव्या प्रणालीत ओतताना १९०१ च्या मुदतीच्या आणि २०२७ च्या जन्माच्या तारखाही सोबत जातात. नवी प्रणाली चार आकडे मागते, जुनी फाइल चार आकडे देते, दोघींचेही समाधान होते आणि चूक कायमची पक्की होते. स्थलांतर करणाऱ्या तरुणाने फॉक्सप्रो पाहिलेलेही नसेल. त्याला या फाइलीत शतक कोणी, कधी आणि कसे लावले हे सांगणारे कोणीतरी हवे. ज्यांना ते माहीत आहे ते आता निवृत्तीच्या वयात आहेत. त्यांच्याकडून ऐकलेले आणि त्यांच्या प्रोग्रामांत वाचलेले इथे एकत्र केले आहे.

पुस्तकाचा मधला भाग लांबला आहे, त्याला माझा नाइलाज होता. अक्षरांच्या रकान्यात ठेवलेल्या तारखांना शतक परत कसे द्यावे, याला एक रीत नाही. पावती क्रमांकांची चढण, ठेवीचा दर, त्या काळच्या कारकुनाची सही, या सगळ्यांवरून वर्ष ठरवावे लागते. शेवटच्या भागात चाचण्या आहेत. त्यांतली एक कोणीही चुकवू नये: बरोबर शतक असलेली तारीख पडद्यावर आणा, तिचा फक्त दिवस बदला, साठवा आणि शतक टिकले का ते फाइलमध्ये जाऊन पाहा.

पहिले प्रकरण उघडण्याआधी एवढे करा. चालू डेटाला हात न लावता त्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर घ्या. ‘सेट सेंच्युरी ऑन’ करा आणि प्रत्येक टेबलातल्या प्रत्येक तारखेच्या रकान्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात पुढची तारीख काढा. १९१० च्या आधीच्या जितक्या नोंदी निघतील आणि आजच्या पुढच्या जितक्या जन्मतारखा निघतील, त्यांची खातेक्रमांकासह यादी छापा. संस्थेची मूळ पावतीपुस्तके आणि सभासद रजिस्टर कपाटातून काढून ठेवायला सांगा. पहिल्याच प्रकरणात त्यांची गरज पडणार आहे.